उसातले पिल्लू

जुन्नर तालुक्यात कोणी धापा टाकीत येऊन "उसात पिल्लू सापडले" असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच प्राणी उभा राहतो. तो म्हणजे बिबट्या. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांवर धरणे झाली, कालवे फिरले आणि पूर्वी जेथे बाजरी डोलत असे तेथे ऊस उभा राहिला. हा ऊस वर्षभर जागचा हलत नाही. आत गारवा असतो, पाणी जवळ असते आणि दहा हातांपलीकडचे काही दिसत नाही. बिबट्याच्या मादीला पिले घालण्यास याहून सोयीची जागा ती कोणती? म्हणून ऊसतोडणीच्या दिवसांत जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत कोयत्याच्या टोकाशी अधूनमधून बिबट्याचे बछडे सापडतात आणि गावात एकच धावपळ उडते.

ही हकीकत २०१७ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील आहे. त्या वेळी मी येडगाव धरणाच्या फुगवट्याजवळील एका गावी मुख्याध्यापक होतो. शनिवार असल्यामुळे सकाळची शाळा होती. मी कार्यालयात हजेरीपत्रके तपासीत बसलो होतो. तोच सहावीतील चार मुले दारात येऊन उभी राहिली.

"गुरुजी, उसात पिल्लू सापडलं! शाळेत आणलंय!"

माझ्या हातातील लेखणी तेथेच गळून पडली. बछडे शाळेत आणले आहे, याचा अर्थ त्याची आई त्याच्या मागावर कोठवर आली असेल, हा विचार मनात येऊन मी अनवाणीच व्हरांड्यात धावलो. तेथे मुलांचे दाट कडे पडले होते. कड्याच्या मध्यभागी एक मुलगी उभी होती. तिचे आईवडील बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीस आलेले होते. तीन आठवड्यांपूर्वीच आमच्या सहावीच्या हजेरीपत्रकाच्या तळाशी तिचे नाव नव्याने लिहिले गेले होते. ती फारशी बोलत नसे. तिने ओढणीची खोळ हलकेच उघडली आणि आतून एक चपटी चोच बाहेर आली.

ते बदकाचे पिल्लू होते. मुठीत मावेल एवढे. पाठीवर काळसर तपकिरी लव, त्यावर पिवळे ठिपके, पोट पिवळे आणि डोळ्यावरून गेलेली एक काळी रेघ. मला इतके हायसे वाटले की मी मोठ्याने हसलो. ते पाहून मुलेही हसली. ती मुलगी मात्र हसली नाही.

"गुरुजी, मी आणलं नाही. तेच माझ्या मागं आलं," ती म्हणाली.

मग हकीकत कळली. तिचे आईवडील पहाटेच फडात जात. शाळेची वेळ होईपर्यंत तीही त्यांच्याबरोबर असे. बांधावर झोळीत निजलेल्या धाकट्या भावावर लक्ष ठेवणे आणि तोडलेल्या उसाची वाढे गोळा करणे ही तिची कामे. त्या दिवशी फडाची पाण्याकडील बाजू तुटत आली असता पाचटातून एक बदक फडफडत बाहेर पडले. त्याचा एक पंख जमिनीवर लोळत होता. ते लंगडत लंगडत बांधाकडे निघाले, तशी गावातील दोन-तीन मोठी मुले त्याला धरण्यास मागे धावली. पुष्कळ दूर गेल्यावर ते एकाएकी उडाले. इकडे पाचटाखाली हे एवढेसे पिल्लू राहिले होते. मुलगी शाळेला निघाली तेव्हा ते तिच्या पावलांमागून चालू लागले. ती थांबली की तेही थांबे.

"त्याची आई लंगडी झाली गुरुजी. आता ती काय जगत नाही," एक मुलगा म्हणाला. "आपण पाळूया."

"पाळूया! पाळूया!" सर्व कड्याने एकच गजर केला.

खरे सांगावयाचे तर त्या क्षणी माझ्याही मनात तेच होते. माझे बालपण आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठी गेले. त्या वेळी डिंभे धरण झालेले नव्हते. रानात पाखराचे पिल्लू दिसले की ते उचलून घरी आणावयाचे, यात कोणास काही वावगे वाटत नसे. मीही एकदा आंब्याच्या ढोलीतून पोपटाचे पिल्लू काढून आणले होते. ते चौथ्या दिवशी मेले. घरातील वडील माणसांनी "त्याचे आयुष्यच तेवढे" असे म्हणून माझी समजूत घातली होती. पिलाचे आयुष्य तेवढे नव्हते, ते मी तेवढे केले, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

म्हणून मुलांच्या गजराला उत्तर देण्याआधी मी वनरक्षकांना दूरध्वनी केला. ते शेजारच्याच गावी एका फडात गुंतले होते. तेथे खरोखरीचे बछडे सापडले होते. "उद्या दुपारपर्यंत मला येता येणार नाही, गुरुजी," ते म्हणाले. "तोवर त्याला उबेत ठेवा. दूध-पाव मुळीच देऊ नका. आणि हाताळू नका फार." मी दूध आणि पाव आणावयास शिपाई पाठविलाच होता, त्याला अर्ध्या वाटेवरून परत बोलाविले.

शाळा सुटल्यावर ती मुलगी पिल्लू घेऊन माझ्या घरापर्यंत आली. तिला कोपीवर नेता आले असते, परंतु तेथे कुत्री होती. तिने पिल्लू पायरीवर ठेवले आणि ती वळली, तोच ते टणाटण उड्या घेत तिच्यामागे गेले. तिने परत आणले, ते परत गेले. असे तीनदा झाले. शेवटी मी ते डालग्याखाली झाकले. आत त्याने असा आक्रोश मांडला की ती मुलगी कानांवर हात ठेवून पळत सुटली.

त्यानंतर माझ्या हातून एक चूक घडली. बदकाचे पिल्लू आहे, त्याला पाण्यावाचून करमत नसेल, अशी कल्पना करून मी घंगाळ भरले आणि त्यास त्यात सोडले. दोन मिनिटे ते मोठ्या आनंदाने पोहले. मी कौतुकाने पाहत राहिलो. मग ते पाण्यात खोल खोल बसू लागले. त्याची लव अंगाला चिकटली, मान कलली आणि ते थरथर कापू लागले. आमच्या सौभाग्यवती हातातील काम टाकून धावत आल्या.

"अहो, त्याला पोहवायची एवढी घाई कशाला केलीत?" असे म्हणून त्यांनी त्याला जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळले.

मोठ्या बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. बदक त्या ग्रंथीला चोच लावते आणि ते तेल पिसांवरून फिरविते. शिवाय त्याची पिसे एकमेकांत इतकी घट्ट गुंतलेली असतात की पाणी आतपर्यंत शिरत नाही. पिलाच्या अंगावर पिसे नसतात, नुसती मऊ लव असते. तेही पाण्यात उतरते, नाही असे नाही. परंतु थोडा वेळ पोहून झाले की काठावर आईच्या पंखाखाली शिरते, तेथे कोरडे होते, उबते आणि पुन्हा पाण्यात जाते. आई त्याला चारा भरवीत नाही. बदकाचे पिल्लू जन्मल्यानंतर एका दिवसात घरटे सोडून आपले अन्न आपण टिपू लागते. आई त्याला ऊब देते, वाट दाखविते आणि धोक्याची सूचना देते. माझ्या घंगाळाच्या काठी पंख नव्हते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

पहिल्या आठवड्यात अशा पिलाला सुमारे ३२ अंश सेल्सिअस एवढी ऊब लागते. अलीकडचे दिवे उजेड देतात पण तापत नाहीत. म्हणून अडगळीतून चाळीस वॅटचा जुना तारेचा दिवा शोधून काढला आणि डालग्याच्या एका बाजूस टांगला. एकाच बाजूस अशासाठी, की पिलाला उकडू लागले तर त्याला दुसऱ्या बाजूस सरकता यावे. खाली वर्तमानपत्र न घालता खरबरीत गोणपाट घातले, कारण गुळगुळीत जागेवर त्याचे पाय फाकतात. खावयास उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून, भाताची मऊ कणी आणि अगदी बारीक चिरलेली मेथी ठेवली. शेजारी उथळ बशीत पाणी ठेवले. बदक घास घेते आणि लगेच पाण्यात चोच बुडविते. पाणी नसेल तर घास त्याच्या घशात अडकतो.

एवढे करूनही त्याचे रडणे थांबेना. ऊब होती, अन्न होते, परंतु सोबत नव्हती. तेव्हा सौभाग्यवतींनी आपल्या फणेरपेटीचा आरसा काढून डालग्यात टेकवून ठेवला. आरशातील पिलाशेजारी ते अंग चोरून बसले आणि गप्प झाले. रात्री एकच्या सुमारास वीज गेली. मग तांब्यात कढत पाणी भरून, तो फडक्यात गुंडाळून डालग्यात ठेवावा आणि निवला की पुन्हा भरावा, असे पहाटेपर्यंत चालले. मुलांनो, "पाळूया" हा शब्द उच्चारावयास किती थोडा वेळ लागतो, हे मला त्या रात्री कळले.

रविवारी दहा वाजता अर्धी सहावी माझ्या ओसरीवर होती. वर्गणी काढून खुराडे आणण्यापर्यंत त्यांचे बेत गेले होते. मी त्यांना सांगितले, "बदक पाळावयाचे असेल तर जरूर पाळा, पण हे नाही." पाळीव बदके आणि रानबदके यांत फार अंतर आहे. आपल्याकडील बहुतेक पाळीव बदके मलार्ड नावाच्या रानबदकापासून माणसाने हजारो वर्षांच्या सहवासाने घडविलेली आहेत. त्यांना माणसाजवळ राहणे मानवते. अशी पिले घ्यावयाची तर एकटे घेऊ नये, निदान दोन घ्यावीत, म्हणजे त्यांना आरसा लागत नाही. पहिले काही आठवडे ऊब द्यावी, रोज पाणी बदलावे, रोज खालची घाण काढावी. ही घाण थोडी नसते. बदक दिसते शुभ्र, पण ते जेथे असते तेथे चिखल करते. रात्री पक्के बंद करावे लागते, कारण कुत्रे, मुंगूस आणि आपल्या भागात बिबट्याही त्याच्यावर टपलेला असतो. आणि नीट सांभाळलेले बदक दहा वर्षे जगू शकते. सहावीत असताना आणलेले पिल्लू तुम्ही नोकरीस लागेपर्यंत घरी असेल. हे ऐकून खुराड्याची वर्गणी निम्म्यावर आली.

"मग ह्याला का नाही पाळायचं?" त्या मुलीने विचारले. ती ओसरीच्या टोकाशी बसली होती आणि पिल्लू तिच्या पायांच्या बोटांवर डोके टेकून झोपले होते.

१९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे रानपक्षी पकडणे आणि घरात पाळणे हा गुन्हा आहे, हे मी तिला सांगितले. तिने मान हलविली. परंतु कायद्याने तिच्या प्रश्नाचे उत्तर झाले नव्हते, हे तिलाही कळत होते आणि मलाही.

दुपारी वनरक्षक आले. त्यांचे डोळे तांबारलेले होते. त्यांनीही रात्र जागून काढली होती. चहा घेता घेता त्यांनी आदल्या रात्रीची गोष्ट सांगितली. फडात दोन बछडी सापडली होती, डोळे नुकतेच उघडलेली. अशा वेळी तोडणी थांबविली जाते. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्या निवारण केंद्र आहे. वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून ते चालवितात. तेथील पशुवैद्य येऊन बछडी तपासतात. मग ज्या जागी ती सापडली, नेमक्या त्याच जागी, सायंकाळी ती एका क्रेटमध्ये ठेवावयाची, आजूबाजूस आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे लावावयाचे आणि सर्वांनी दूर जावयाचे. अंधार पडल्यावर मादी येते. क्रेट पाडते. एका बछड्याला मानेच्या सैल कातडीला धरून उचलते, सुरक्षित जागी ठेवते आणि दुसऱ्यासाठी परत येते.

"आणि आली नाही तर?" एका मुलाने विचारले.

"दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवायचं. कधी तिसऱ्या रात्रीसुद्धा. बछडं माणिकडोहला नेऊन वाढवता येतं, बाळ. मटण देता येतं, औषध देता येतं. पण शिकार कशी करायची, माणसापासून लांब कसं राहायचं, हे दीड-दोन वर्षं आईबरोबर हिंडून ते शिकतं. ते आम्हाला शिकवता येत नाही. मग त्याचा जन्म पिंजऱ्यात जातो."

मुले गप्प झाली. बिबट्याविषयी त्यांच्या मनात प्रेम होते असे मी म्हणणार नाही. या दोन तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यात माणसे गेली आहेत, लहान मुले गेली आहेत. वर्गात बसलेल्यांपैकी प्रत्येकाच्या घरी संध्याकाळी दार लावून घेत असत. परंतु बछडे उचलून नेले तर चवताळलेली मादी त्या शिवारात त्यास शोधीत हिंडते आणि माणसाला अधिकच धोका होतो. बछडे परत मिळाले की ती त्याला घेऊन निघून जाते. हा हिशेब मुलांना पटण्यासारखा होता.

"पण हिची आई लंगडी झालीय ना," पहिल्या दिवशीचा मुलगा म्हणाला.

वनरक्षक हसले. "किती लांब नेलं तिनं तुम्हाला लंगडत?"

"पार विहिरीपर्यंत."

"आणि मग?"

"मग उडाली," असे म्हणता म्हणताच त्याच्या ध्यानात आले आणि तो ओशाळला.

जमिनीवर घरटे करणाऱ्या पुष्कळ पक्ष्यांची ही युक्ती आहे. शत्रू पिलांजवळ आला की आई पंख मोडल्याचे सोंग करते. सहज सापडेल असे भक्ष्य समोर दिसताच शत्रू तिच्यामागे लागतो. त्याला पुरेसे दूर नेले की तिचा पंख बरा होतो! तेवढ्या वेळात पिले पाण्याकडे सटकतात. एकटे हे पाचटात अडकून राहिले असावे.

सायंकाळी आम्ही पाचजण फुगवट्याच्या काठी गेलो. पाणकणसाच्या कडेने एक बदक संथपणे चालले होते. त्याची चोच काळी, टोकाशी पिवळी आणि कपाळाशी मिळते तेथे दोन्ही बाजूंस तांबडा ठिपका. जणू काही सुवासिनीने हळदीकुंकू लावले आहे. म्हणूनच त्याला हळदीकुंकू बदक असे म्हणतात. धनवर असेही त्याचे एक नाव आहे. थंडीत परदेशांतून येणाऱ्या बदकांसारखे हे पाहुणे नव्हे, ते बारा महिने येथेच राहते. मागोमाग पिले होती. आम्ही मोजली, आठ.

मुलीने पिल्लू काठावर ठेवले. बदक तीस-चाळीस पावलांवर होते. पिलाने एकदा पाण्याकडे पाहिले आणि मग ते वळून मुलीच्या पावलांपाशी आले. तिने ते पुन्हा पुढे ठेवले. त्याच वेळी मागच्या रस्त्याने ऊस भरलेला ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून गेला. बदक दचकले आणि आठही पिले घेऊन पाणकणसात दिसेनासे झाले. अंधार पडला. पिल्लू मुलीच्या ओंजळीत बसून माझ्या घरी परत आले.

त्या रात्री मी निराश होतो. ऑस्ट्रियात कोन्राड लोरेन्ट्स नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. लहान असताना त्यांना शेजाऱ्यांनी एक दिवसाचे बदकाचे पिल्लू दिले होते आणि ते त्यांच्यामागे असेच हिंडू लागले. त्या नवलाचा उलगडा करण्यात त्यांचे पुढील आयुष्य गेले. अंड्यातून बाहेर पडलेली बदके आणि हंस पहिल्या काही तासांत जी हालती वस्तू पाहतात तिला आई मानतात आणि हा ठसा सहसा पुसला जात नाही, हे त्यांनी दाखविले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली त्यांना आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या पिलावर त्या मुलीचा ठसा उमटला असेल तर? मग त्याला रानात सोडणे म्हणजे अनाथ करणेच होते.

परंतु एक गोष्ट आशेची होती. पिल्लू आम्हांस सापडले तेव्हा आई त्याच्याजवळ होती. म्हणजे पहिला ठसा तिचाच असावयास हवा. शिवाय अमेरिकेतील गिल्बर्ट गॉटलिब या शास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे, की बदकाचे पिल्लू अंड्यातून बाहेर येण्यापूर्वीच आवाज ऐकू लागते आणि जन्मल्याबरोबर आपल्या जातीच्या आईची साद ओळखते. आदल्या सायंकाळी ट्रॅक्टरच्या गोंगाटात त्याला साद ऐकूच आली नव्हती. त्याच्यासमोर ओळखीची म्हणून फक्त एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्या मुलीची पावले.

सोमवारी पहाटे, गाड्या सुरू होण्याआधी, पुन्हा जाऊन पाहावयाचे ठरले. वनरक्षक म्हणाले, "एक करायला हवं, गुरुजी. ती मुलगी तिथं असता कामा नये."

हे तिला सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी कोपीपाशी गेलो तेव्हा चूल पेटली होती आणि तिची आई डोक्याला फडके बांधून निघण्याच्या तयारीत होती. मी सर्व सांगितले. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "मी उसात लपून बसले तर?"

"तुझा वास नाही, पण चाहूल लागेल त्याला."

"बरं," ती म्हणाली आणि झोळीतील भावाला झोका देऊ लागली.

पहाटेचे धुके पाण्यावर होते. वनरक्षक आणि मी बांधामागे वाकून बसलो. डालगे काठापासून दोन हातांवर ठेवले होते. पिल्लू आत रडत होते. या वेळी त्याचे रडणे आम्ही थांबविले नाही. त्याचीच आम्हांस गरज होती. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. मग पाणकणसातून एक खर्जातला आवाज आला. क्वॅक, क्वॅक, क्वॅक. फार मोठा नव्हे, हाक मारल्यासारखा. पिल्लू एकदम गप्प झाले. पुन्हा साद आली. वनरक्षकांनी दोरी ओढून डालगे उलटे केले.

पिल्लू क्षणभर तसेच उभे राहिले. नंतर ते ओल्या गवतातून धावत सुटले, दोनदा पडले, पाण्यात शिरले आणि चिमुकली रेघ ओढीत सरळ त्या आवाजाकडे गेले. बदक पाणकणसातून अर्धे बाहेर आले होते. त्याने पिलाला विशेष काही जवळ घेतले, गोंजारले असे नाही. ते नुसते वळले आणि चालू लागले. मागोमाग रांग निघाली. वनरक्षकांनी माझ्याकडे पाहून नऊ बोटे दाखविली.

शाळा भरण्यापूर्वीच ती मुलगी फाटकापाशी उभी होती.

"नऊ," मी म्हणालो.

तिने मान हलविली. मग खाली पाहत विचारले, "त्यानं मागं वळून बघितलं का?"

होय असे सांगावे, असे माझ्या मनात आले. तीस वर्षे मुलांत काढल्यावर अशी उत्तरे ओठांवर तयार असतात. परंतु मी खरे ते सांगितले. "नाही. सरळ गेले."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली. "ती त्याचीच आई."

त्या दिवसापासून सहावीच्या वर्गाने फळ्याच्या कोपऱ्यात पिलांची संख्या लिहावयास सुरुवात केली. रोज दोघांनी जावयाचे, दुरूनच मोजावयाचे आणि आकडा लिहावयाचा, असा नियम ठरला. आठवडाभर नऊ होते. मग एके दिवशी आठ लिहिले गेले. कोणी म्हणाले घारीने नेले, कोणी म्हणाले कुत्र्याने. पुढे सात झाले. मुलांनी चौकशी केली तेव्हा मी सांगितले, की हळदीकुंकू बदक एका वेळी सहा ते बारापर्यंत, कधी त्याहूनही अधिक अंडी घालते, ते यासाठीच. या उत्तराने कोणाचे समाधान झाले नाही. आपले पिल्लू कोणते हे आता कोणास ओळखता येत नव्हते, म्हणून प्रत्येक घटलेला आकडा आपल्याच पिलाचा असेल, अशी धास्ती सर्वांना वाटे.

डिसेंबरच्या अखेरीस आमच्या गावचा ऊस संपला आणि टोळी पुढल्या गावी निघाली. निघण्याच्या आदल्या दिवशी ती मुलगी पाटी-पुस्तके परत करण्यास आली. फळ्याच्या कोपऱ्यात सहा हा आकडा होता. तिने तो पाहिला, मोजण्यास त्या दिवशी कोण गेले होते ते विचारून घेतले आणि स्वतः एकदा फुगवट्यावर जाऊन आली. परत आल्यावर म्हणाली, "सहाच हाय. बरोबर मोजतात."

संक्रांतीच्या सुमारास पिलांना पंख फुटले. चोचींवर पिवळे टोक उमटू लागले होते. एके सकाळी मोजण्यास गेलेली दोन मुले परत आली आणि फळ्यापाशी खडू घेऊन उभी राहिली. सहाही पिले उडाली होती आणि पाण्यावर त्याच जातीची तीस-चाळीस बदके एकत्र बसली होती. काय लिहावे, असे त्यांनी मला विचारले. मी त्यांना आकडा पुसून टाकावयास सांगितला.